स्टिपेची चिल्लर

आधीच सांगतो. कुणाला हे खोटं वाटलं तर मी वाद घालणार नाही. उलट बरंच वाटेल. हे खोटं असावं असं सगळ्यात जास्त मलाच वाटतंय.

पण नाहीये खोटं.

बरंचसं पबवाल्या नोरीननं मला स्वतः सांगितलंय. शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

गावाचं नाव लेम डॉग. लंगडा कुत्रा. गाव कसलं, ओपल नावाचं रंगीत रत्न खणणाऱ्यांची वस्ती. पत्र्याची घरं, जमिनीत पोखरलेली घरं आणि चहूकडे पांढऱ्या मातीचे ढिगारे. प्रत्येक ढिगाऱ्याशेजारी एक शाफ्ट. विहिरीसारखा सरळ खाली. कठडा नाही, काही नाही. तिथे चालताना मोबाईल बघायचा नसतो.

गेली सहा वर्षं दर गुरुवारी मी तिथे बिअरचा ट्रक घेऊन जातो. एक खोलीही आहे माझी तिथे, पबच्या मागे.

आणि हे रात्रीचं काही नाही बरं का. लेम डॉगला रात्री छान असतं. गार वारा सुटतो, लोक बाहेर खुर्च्या टाकून गप्पा मारतात.

तिथे भीती वाटते ती दुपारी.

जानेवारीची दुपार, म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. पत्रा तडतड वाजतो. माणसं जमिनीखाली जाऊन झोपतात. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अशा वेळी पबमध्ये एकटी नोरीन असते. पंखा घरघरत असतो आणि ती ग्लास पुसत बसलेली असते.

जे झालं ते सगळं दुपारीच झालं.

पब नोरीनचा आणि तिच्या नवऱ्याचा, गॉर्डीचा. म्हणजे चालवायची नोरीन. गॉर्डी जायचा ओपल खणायला, स्टिपेबरोबर. दोघांची एकच खाण, निम्मी-निम्मी. चाळीस वर्षांची भागीदारी. खाली अंधारात एक खणणार, दुसरा वरून बादली ओढणार. अशा माणसाच्या हातात आपला जीव असतो. त्याला भागीदार म्हणणंसुद्धा कमीच.

स्टिपे क्रोएशियाचा. तरुणपणी आला तो परत गेलाच नाही. बायको नाही, पोरं नाहीत. ओपल रोज थोडाच सापडतो? मग पोटासाठी त्यानं एक धंदा काढला होता. ढिगाऱ्यातले ओपलचे बारीक तुकडे वेचायचे, छोट्या बाटलीत पाणी घालून त्यात टाकायचे आणि हायवेला एका खांबावर मांडून ठेवायचे. शेजारी पत्र्याचा डबा. टुरिस्ट बाटली उचलणार, डब्यात पैसे टाकणार. बघायला कुणी नाही.

टुरिस्ट काय टाकणार? गाडीत सांडलेली चिल्लर. पाच सेंट, दहा सेंट.

तीच चिल्लर घेऊन स्टिपे पबची उधारी फेडायला यायचा. पिशवी भरून.

"आला बघा!" डूली ओरडायचा. डूली म्हणजे दाराजवळच्या स्टुलाला कायमचा चिकटलेला म्हातारा. "कुठल्या चर्चची दानपेटी फोडलीस रे आज?"

"तुझ्या लग्नाचा आहेर आहे," स्टिपे म्हणायचा. "लोकांनी एवढाच दिला होता."

मग पिशवी बारवर उपडी करायचा. खण्ण.

"स्टिपे, कायद्यानं पाच डॉलरच्या वर ही भंगार चिल्लर घ्यायला मी बांधलेली नाही. ठाऊक आहे ना?" नोरीन कमरेवर हात ठेवून म्हणायची.

"मग पोलिसांना बोलव. ते येईपर्यंत मी बसतो. एक बिअर दे."

"बँकेतली पोरगी मला बघून दार लावते रे तुझ्यामुळे."

तो हसायचा. आणि स्वतःच मोजायला बसायचा. दहा-दहाच्या चळती. एकावर एक, कडेला कड लावून, बोटानं हळूच सरळ करत. मोजून झाल्याशिवाय ग्लासाला हात लावायचा नाही.

मोजून झालं की नोरीन मागची उधारीची पाटी पुसायची. आणि त्याच्यासमोर एक बिअर ठेवायची, फुकट. उधारी साफ केली की घरची एक. तिथला रिवाजच आहे तो.

आणि दुसरा एक रिवाज आहे, तो त्याहून मोठा.

राउंड.

ज्यानं तुला पाजली, त्याला तू पाजायची. बस. यात वकिली नाही. लेम डॉगमध्ये कुणाची बायको पळवलीत तर दोन वर्षांनी लोक परत बोलायला लागतात. पण राउंड चुकवून निघून गेलात तर मेल्यावरही नाव निघतं. डूलीच्या बापानं म्हणे एकदा चुकवला होता. डूलीला ते अजून ऐकावं लागतं.

नोव्हेंबरात स्टिपे गेला.

गॉर्डीची दाढ दुखत होती म्हणून तो शहरात डॉक्टरकडे गेला होता. स्टिपे एकटाच खाली उतरला. एकट्यानं उतरायचं नसतं. पण थोडंसंच काम उरलं होतं म्हणे.

छत बसलं.

आठवडाभर सगळं गाव खणत होतं. मग खाणींचा इन्स्पेक्टर आला. त्यानं सांगितलं, आतली जमीन अजून सरकतेय, आणखी एक माणूस उतरवलात तर तोही जाईल. शाफ्टच्या तोंडावर पत्रा टाकला, वर मोठे दगड ठेवले आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

स्टिपे सापडलाच नाही.

गॉर्डी त्यानंतर वेगळाच झाला. जेवायचा नाही. रात्री उठून टॉर्च घेऊन बसायचा. "मी तिथे असायला हवा होतो" एवढंच. नोरीननं गाडीच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात लपवल्या. शिडी डूलीच्या घरी नेऊन ठेवली.

तिला एकच धास्ती होती. आपला नवरा एक दिवस त्या शाफ्टमध्ये उतरणार.

"पाटी पुसून टाक आता," डूली म्हणाला. माणूस मेला की त्याची उधारी पुसतात आणि सगळ्यांना घरची एक देतात. तोही रिवाजच.

"हात लावायचा नाही पाटीला!" गॉर्डी एकदम ओरडला. "पुसलीस म्हणजे तो मेला."

नोरीननं डूलीला डोळ्यानं गप्प केलं. पाटी तशीच राहिली. स्टिपे, चारशे डॉलर आणि वर थोडे.

मग जानेवारी आला.

त्या दुपारी ती एकटीच होती. गॉर्डी आत झोपला होता. डूलीसुद्धा घरी गेला होता, म्हणजे बघा ऊन किती असेल. ती सिंककडे तोंड करून ग्लास विसळत होती.

टक्…

एवढाच आवाज. लाकडावर काहीतरी ठेवल्याचा.

तिनं वळून पाहिलं. कुणी नाही.

बारच्या त्या टोकाला, पंख्याखाली, जिथे स्टिपे बसायचा… तिथे पाच सेंटाचं एक नाणं होतं.

तिला वाटलं आधीपासूनच पडलं असेल. उचलायला गेली. आणि हात मागे घेतला.

नाणं गार होतं.

जानेवारीत तिथे दाराची कडी धरली तरी चटका बसतो. आणि हे नाणं बर्फासारखं गार. ओलं. काटेरी जनावराचं चित्र असतं ना त्यावर, त्या काट्यांत पांढरी माती बसलेली.

तिनं दाराकडे पाहिलं. जाळीच्या दाराला स्प्रिंग आहे, मांजर आलं तरी किंचाळते.

स्प्रिंग वाजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत. टक्… टक्… टक्. ती वळेपर्यंत तीन नाणी. एकावर एक, कडेला कड.

तिसऱ्या दिवशी चळत.

तिनं डूलीला धरलं. "ही थट्टा तुझी आहे ना? गॉर्डीनं बघितलं तर काय होईल, काही अक्कल आहे का?"

"मी?" डूलीचं तोंड उघडंच राहिलं. "मी पैसे ठेवीन? बारवर? नोरीन, तू मला किती वर्षं ओळखतेस?"

ते पटण्यासारखंच होतं.

तेव्हाच तिला आणखी एक गोष्ट दिसली. पबभर माश्या होत्या. टेबलांवर, भिंतींवर, डूलीच्या टोपीवर.

स्टिपेच्या स्टुलावर एकही नव्हती. त्याच्या आसपाससुद्धा नाही. जणू तिथली जागा भरलेली होती.

ती घाबरली होती का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "घाबरले होतेच. पण खरं सांगू का पोरा, मी पैसे पाटीवरून वजा करत होते. पैसे आले की वजा करायचे, इतक्या वर्षांची सवय. खडू हातात कधी आला तेसुद्धा कळलं नाही."

तिथेच ती फसली. नाणी तिनं दूध पावडरच्या डब्यात लपवली होती. पण पाटीवरचा आकडा तर सगळ्यांना दिसतो.

"स्टिपेची उधारी कोण भरतंय?" गॉर्डीनं विचारलं.

"डूलीनं वर्गणी काढलीय."

"डूलीनं?" गॉर्डी कित्येक आठवड्यांनी हसला. "डूलीनं वर्गणी काढली तर डूलीच ती पिऊन टाकेल. खरं सांग."

तिला डबा काढावाच लागला.

गॉर्डीनं एक नाणं उचललं. अंगठ्यानं माती पुसली. मग नाकाशी नेलं, वास घेतला. आणि त्याचा चेहरा… नोरीन म्हणते, लग्नाच्या दिवशीसुद्धा तो इतका खूश दिसला नव्हता.

"ही खालची माती आहे. आमच्या बोगद्याची. नोरीन, तो जिवंत आहे! दुसऱ्या कुठल्यातरी शाफ्टनं बाहेर निघाला असणार."

"मग आत येऊन बसत का नाही?"

गॉर्डीनं विचार केला.

"लाजत असेल," तो म्हणाला. "उधारी आहे ना अजून."

वाद घालून उपयोग नव्हता. तिनं मनाशी ठरवलं, फिटू दे. एकदाची फिटू दे उधारी. म्हणजे त्याला इथे यायचं कारणच उरणार नाही.

रोज दुपारी नाणी येत राहिली. आता एक-दोन चळती नाही. बारचं ते अख्खं टोक भरून जायचं. आणि कुणीही बघत असताना यायची नाहीत. गॉर्डी टक लावून बसायचा. काहीच नाही. तो नाक शिंकरायला वळला की… टक् टक् टक् टक्.

पाटीवरचा आकडा खाली-खाली येत गेला.

शेवटच्या दिवशी तिघंही होते. नोरीन, गॉर्डी, डूली. नोरीन बर्फ काढायला खाली वाकली. सरळ झाली.

चळती मांडलेल्या होत्या.

तिनं मोजल्या. बरोबर होत्या. तिनं फडकं घेतलं आणि पाटी पुसली. स्टिपेचं नावसुद्धा पुसलं.

"झालं," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, त्या स्टुलाकडे बघून. "फिटलं रे तुझं सगळं. जा आता."

तिला इतकं हलकं वाटलं की तिनं डोळे मिटले.

आणि पाठीमागे नळाचा आवाज आला.

बिअरचा नळ.

गॉर्डी ग्लास भरत होता. तिरका धरून, फेस काढत, नेहमीसारखा.

"काय करतोयस?"

"अगं, पाटी साफ केली ना त्यानं. घरची एक द्यायला नको?"

"गॉर्डी, नको! ठेव तो ग्लास!"

पण ठेवला तो बारवरच. स्टिपेच्या जागेसमोर. वाईट काहीच नव्हतं त्याच्या मनात. त्या गावातला कुठलाही माणूस तेच करेल. उधारी फिटली की हात आपोआप नळाकडे जातो.

"ही माझ्याकडून, मित्रा," गॉर्डी म्हणाला.

डूलीनं डोक्यावरची टोपी काढली.

ग्लास तसाच होता. फेस हळूहळू बसला. कुणी हात लावला नाही. संध्याकाळी गर्दी झाली, गडबड झाली, आणि नोरीन ग्लास उचलायला गेली तेव्हा…

रिकामा.

काठावर पांढऱ्या मातीचं एक वर्तुळ. ओठाएवढं.

"उन्हानं आटली असेल," डूली म्हणाला. पण त्या दिवशी तो लवकर घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत नाणी आली.

या वेळी स्टिपेच्या जागेवर नाही. गॉर्डीच्या जागेवर.

नोरीननं मोजली. बरोबर एका बिअरची किंमत. सेंट कमी नाही, जास्त नाही. पाच-पाच सेंटांत.

तिघंही त्या चळतींकडे बघत राहिले. आणि तिघांनाही एकाच वेळी कळलं.

"राउंड आला," डूली हळूच म्हणाला. "तू त्याला पाजलीस. आता तो तुला पाजतोय."

मग गॉर्डी परत त्याला पाजणार. मग तो गॉर्डीला. हे कुठे थांबतं? थांबत नाही. एकजण उठून घरी जाईपर्यंत थांबत नाही. आणि स्टिपेचं घर आता कुठे आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

गॉर्डीचा हात पुढे झाला. नोरीननं त्याच्या आधी नाणी ओढली आणि फ्लाइंग डॉक्टरच्या, म्हणजे विमानानं येणाऱ्या डॉक्टरांच्या, मदतपेटीत टाकली. खळाखळा.

"नोरीन, असं करतात का? त्यानं प्यायला दिलीय मला!"

"मी पैसे दानात टाकले. देव त्याचं भलं करो. तू झोप जा."

दुसऱ्या दिवशी परत तेवढीच नाणी. त्याच जागी. ती त्याच पेटीत गेली.

तिसऱ्या दिवशी एकही नाही.

नोरीनला वाटलं सुटलो.

संध्याकाळी डूली धापा टाकत आला. त्याला बाजूला बसवून तिनं पाणी दिलं. तो शाफ्टकडून आला होता. तोंडावरचा पत्रा बाजूला सरकवलेला होता. आणि ते दगड… चार माणसांनी मिळून ठेवलेले दगड…

"रचलेत, नोरीन," तो कुजबुजला. "एकावर एक. दहा-दहाचे. कडेला कड लावून."

गॉर्डी दारात उभा होता. त्यानं ऐकलं.

"डूली," तो शांतपणे म्हणाला, "माझी शिडी तुझ्याकडे आहे ना? उद्या दे. तो बोलावतोय आणि मी इथे बसून राहिलोय. काय म्हणेल तो मला?"

नोरीन रात्रभर जागी होती. नवऱ्याला बांधून ठेवणार किती दिवस? पोलिसांना काय सांगणार? आणि शिडी नाही मिळाली तर हा दोरीनं उतरेल, दोरी नाही मिळाली तर उडी टाकेल. ओळखत होती ती त्याला.

सकाळी गॉर्डी बूट घालून तयार. डूली शिडी घेऊन काही आला नाही. दुपार झाली.

ती मुद्दाम वळून उभी राहिली. सिंककडे तोंड करून.

टक् टक् टक् टक्…

गॉर्डीच्या जागेवर नाणी.

या वेळी तिनं ती पेटीत टाकली नाही. मोजली. गल्ल्यात टाकली. ग्लास घेतला, तिरका धरला, भरला.

गॉर्डी हात पुढे करून उभा होता. "दे."

नोरीननं ग्लास स्वतःच्या तोंडाला लावला.

इथे एक सांगायला हवं. नोरीन पीत नाही. बाप दारूनं गेला तेव्हापासून थेंब नाही. पब चालवते, पण लेम डॉगमध्ये कुणी तिला पिताना पाहिलेलं नाही. ती एका दमात प्यायली. डोळ्यांतून पाणी आलं. ग्लास बारवर आपटला.

"मी प्यायले," ती रिकाम्या स्टुलाला म्हणाली. "ऐकलंस ना स्टिपे? तुझी बिअर मी प्यायले. आता राउंड माझा. गॉर्डीचं तुझ्याकडे काही नाही. एक घोटसुद्धा नाही."

पंखा घरघरत होता.

मग एक माशी आली. स्टुलावर बसली. मग दुसरी. मग सगळ्या आल्या.

गॉर्डी मटकन खाली बसला आणि रडायला लागला. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. "मेला ना तो?" म्हणाला. नोरीन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि हो म्हणाली.

त्यानंतर गॉर्डी सुधारला. जेवायला लागला, बूट काढून ठेवले. डूलीनं शिडी विकून टाकली. पैसे त्यानंच प्यायले, ते सोडा.

इथे संपायला हवं होतं.

मार्चमधला एक गुरुवार. मी पिंप उतरवत होतो. भर दुपार. नोरीन मागच्या दारानं बाहेर आली. हातात भरलेला बिअरचा ग्लास. माशी पडू नये म्हणून वर पुठ्ठ्याची चकती. आणि चालायला लागली. खाणींच्या बाजूला.

"नोरीन! कुठे चाललीस उन्हात?"

"आलेच. राउंड द्यायचाय."

मला वाटलं कुणी आजारी असेल. तासाभरानं ती परत आली. ग्लास रिकामा. बुटांवर पांढरी माती.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं मला हे सगळं सांगितलं. इथपर्यंतचं सगळं. मी म्हटलं, "अगं, मग वरूनच शाफ्टमध्ये ओत ना. झालं काम."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली.

"माणसाला बिअर वरून ओततात का रे? हातात द्यायची असते."

हातात…

मी पुढे विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी माती गुडघ्यापर्यंत होती. त्याच्या पुढच्या वेळी पाठीवर, खांद्यांवर. डूली म्हणतो ती रोज जाते. आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी, गल्ल्याशेजारी, नाणी येतात. एका बिअरची. ती पिते. मग तिचा राउंड. मग परत ती चालायला लागते.

गॉर्डीला वाटतं ती फिरायला जाते. डॉक्टरनं गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय, असं तिनं त्याला सांगितलंय. तो खूश आहे. "बघ, माझी म्हातारी या वयात कशी तरतरीत झालीय," मला म्हणाला. "तू पण चालत जा जरा. पोट बघ तुझं."

मागच्या गुरुवारी ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत पांढरी माती होती. जायच्या आधीच.

आणि हातात ट्रे होता. ट्रेवर दोन ग्लास.

"दुसरा कुणाचा?" मी विचारलं.

"माझा. तो पितो आणि मी नुसती उभी असते, बरं दिसत नाही. तिथेच बसून घेईन. उगाच किती खेपा घालायच्या?"

मी ट्रे धरला. सोडेना मी. म्हटलं, "नोरीन, पुरे झालं. मी गॉर्डीला सांगतो."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. चाळीसच्या वर तापमान होतं. तिचा हात त्या नाण्यांसारखा गार होता.

"सांग की," ती म्हणाली. अगदी प्रेमानं. "सांगितलंस की तो मला आणायला खाली उतरेल. आणि मग तो वर येईल असं वाटतं तुला?"

मी ट्रे सोडला.

ती गेली. ढिगाऱ्यांमागे दिसेनाशी झाली. एक थेंब सांडला नाही तिनं.

मी पिंपं उतरवली. रिकामी पिंपं चढवली. परत उतरवून परत चढवली, उगाच. ती आली नाही. गॉर्डी डोळे चोळत बाहेर आला.

"नोरीन कुठेय?"

"फिरायला गेलीय," मी म्हटलं.

मला निघावं लागलं. दुसऱ्या गावी माल द्यायचा होता.

आज संध्याकाळी फोन आला. ऑर्डरचा फोन नेहमी नोरीन करते. आज गॉर्डी होता.

"नोरीन बरी आहे ना?" मी आधी तेच विचारलं.

"आहे की. आत्ताच फिरून आली, झोपलीय. हल्ली फार गाढ झोपते. हलवलं तरी उठत नाही." मग हसला. "हे बघ, उद्या दोन पिंपं जास्तीची आण. नोरीननं सांगितलंय."

"दोन? का रे, काही कार्यक्रम आहे का?"

"छे. दुपारचा खप वाढलाय म्हणे."

दुपारी तिथे चिटपाखरू नसतं.

त्या शेतासारख्या पसरलेल्या ढिगाऱ्यांमध्ये आजवर किती शाफ्ट बसलेत, किती माणसं आत राहिलीत, ते मी कधी कुणाला विचारलं नाही. आत्ताही विचारलं नाही. आणतो म्हटलं.

गॉर्डीला मी काही बोललो नाही.

ट्रक भरून झालाय. ती दोन पिंपं पण चढवलीत. आता पहाट होईल, आणि दुपारी मी तिथे असेन.